कुई खाल्ल्याची फिर्याद

त्या शनिवारी सकाळी शेजारीण तार्हेलिया परात घेऊन आली तेव्हा आपण दारच उघडायला नको होतं, असं व्हर्नन स्लोकमचं आजही म्हणणं आहे. त्याच्या बायकोचं, लोइसचं म्हणणं असं की दार उघडलं ते ठीक, तोंड उघडायला नको होतं.

परात तार्हेलियाच्या नवऱ्याने, सेगुंदोने, छातीशी धरून आणली होती, आणि धापा टाकत टेबलावर ठेवली. तळाला उकडलेल्या पांढऱ्या मक्याचा डोंगर, त्याच्या उतारावर बटाटे, मध्ये एक सबंध कोंबडी, आणि शिखरावर दोन कुई, म्हणजे गिनीपिग. स्वयंपाकघरात चुलीपाशी गुबगुबीत होऊन फिरणारे हे जीव सणावाराला कोळशावर भाजतात. भाजताना त्यांचे ओठ मागे सरतात आणि पुढचे दात दिसू लागतात. दोघांचीही तोंडं व्हर्ननकडे होती. दोघंही हसत होते. पुढे काय होणार ते बहुधा त्यांना ठाऊक असावं.

"डॉन बेर्नोन, सेन्योरा लुइसा," तार्हेलिया म्हणाली. व्हर्नन आणि लोइस ही नावं त्या वस्तीत कोणाच्या जिभेला झेपत नसत. "यंदा संत सान इसिद्रोच्या सणाचं यजमानपद आमच्याकडे आलंय. चार घास आणलेत, गोड मानून घ्या."

"अहो, कशाला एवढं!" व्हर्नन म्हणाला.

"गेल्या वर्षी तुम्हाला तो आतषबाजीचा मनोरा फार आवडला होता, नाही?"

"फारच!"

"मान वर करून बघत होतात. टोपी पडली, कोणीतरी तुडवली, तरी तुमचं लक्ष नव्हतं."

"सुंदरच होता तो," असं म्हणून व्हर्ननने, पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून, एका कुईची तंगडी मोडली आणि उभ्या उभ्याच खाल्ली.

तार्हेलियाने सेगुंदोकडे पाहिलं. सेगुंदोने टोपी काढली. मग तार्हेलियाने लोइसच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, व्हर्ननचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून दाबला, आणि डोळे पुसत दोघं निघून गेली.

"किती साधी माणसं!" व्हर्नन म्हणाला. "आणि बघितलंस? मला एक शब्द अडला नाही. आपला स्पॅनिशचा वर्ग फुकट गेला नाही."

शब्द खरोखरच एकही अडला नव्हता. त्या शब्दांनी काय घडवलं, तेवढं कळायचं राहून गेलं.

पुढच्या आठवड्यात भुवया जळालेला एक माणूस दारात उभा राहिला. बगलेत वेताच्या कांबी, खिशातून सुतळी लोंबतेय.

"मी अबेलार्दो. मनोरेवाला. पाच मजली लावू का सात?"

"काय सात?"

"मजले. मी म्हणतो सातच घ्या. पाच मजली गेल्या साली त्या बटाटेवाल्याने दिला होता. तुम्ही त्याच्या बरोबरीला उतरलात तर लोक काय म्हणतील?"

"पण मी मनोरा मागितलेला नाही!"

"तुम्ही कशाला मागाल? तुम्ही द्यायचाय." अबेलार्दोने त्याच्याकडे जरा काळजीने पाहिलं. "तुम्ही कुई खाल्लात ना?"

खाल्ला होता. नाकारण्यात अर्थ नव्हता. अबेलार्दोच्या नजरेवरून वाटत होतं की आख्ख्या वस्तीला तंगडी उजवी की डावी हेसुद्धा ठाऊक आहे.

आता व्हर्ननची बाजूही समजून घ्यायला हवी. माणसाने अख्खी नोकरी विमा कंपनीत, लोकांचे खोटे दावे पकडण्यात घालवली होती. डेटनमध्ये, म्हणजे ओहायोत, त्याची ख्याती अशी की जळालेलं गोदाम नुसतं हुंगून तो सांगे, आग लागली की लावली. निवृत्तीनंतर ही दोघं इक्वाडोरला, क्वेन्का शहराच्या वरच्या डोंगरउतारावर राहायला आली, आणि तेव्हापासून व्हर्ननने एकच व्रत धरलं होतं: परक्या देशात आपण फसायचं नाही. टॅक्सीत बसण्याआधी तो तिचा नंबर टिपे. रस्त्यात कोणी अंगावर मोहरीची चटणी सांडून "अरेरे, पुसू का?" म्हणत जवळ आला, की हा दोन्ही खिशांवर हात ठेवून पळत सुटे. एकदा चटणी सांडणारा खरोखरच एक आंधळा म्हातारा निघाला होता. पण व्रत म्हटलं की थोडं कडक पाळावंच लागतं.

आणि अशा माणसाला मनोरा लागला.

मंगळवारी तो तडक कॉफीच्या बैठकीला गेला. शहरात त्याच्यासारखी जी निवृत्त अमेरिकन मंडळी होती, ती दर मंगळवारी एका उपाहारगृहात जमत आणि कोण कसं फसलं याची चर्चा करीत. बैठकीच्या प्रमुख बर्निसबाई. आयुष्यभर शाळेच्या कार्यालयात बसल्यामुळे त्यांना जगातला प्रत्येक माणूस उशिरा आलेला आणि खोटं कारण सांगणारा वाटे.

व्हर्ननने परातीपासून भुवयांपर्यंत सगळं सांगितलं.

"आधी अन्न," बर्निसबाई म्हणाल्या. "मग मागणी. क्लासिक."

"पण मागणी अशी तिने केलीच नाही," व्हर्नन म्हणाला. "ती फक्त म्हणाली, तुम्हाला मनोरा आवडला होता."

"हेच! जो मागतो तो भिकारी. जो मागतच नाही तो पोचलेला!"

"माझ्या गिझरचं असंच झालं," डेल नावाचे गृहस्थ म्हणाले. त्यांचा गिझर दुरुस्तीला नेला तो तीन वर्षं झाली, आलाच नव्हता; आणि कुठल्याही विषयाला ते या गिझरवर आणून सोडत. "आधी मला केळी दिली होती त्याने."

"अंगात गुंगीचं औषध वगैरे जाणवलं का तुला, खाल्ल्यावर?" बर्निसबाईंनी विचारलं.

व्हर्ननने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. खाल्ल्यावर त्याला गाढ झोप लागली होती. पण ती रोजच लागे.

"आज मनोरा. उद्या घराची कागदं," बर्निसबाई म्हणाल्या. "तक्रार नोंदव. नोंद असली की ही माणसं दचकून असतात."

व्हर्नन तिथून उठला तो थेट तक्रार कचेरीत. लोइसला विचारावं असं त्याच्या मनात आलं होतं. पण लोइस काय म्हणेल तेही त्याच्या मनात आलं होतं, म्हणून त्याने विचारलं नाही.

खिडकीमागच्या कारकून बाईंनी टाइप करायला सुरुवात केली.

"आरोपीने तुम्हाला काय दिलं?"

"दोन कुई. एक कोंबडी. मका, बटाटे."

"कुई जिवंत?"

"भाजलेले."

"पुरावा म्हणून जमा करणार?"

"खाल्ले."

बाईंनी हात थांबवला. "दोन्ही?"

"मी फक्त एक तंगडी. बाकी बायकोने."

"चव कशी होती?"

"हे लिहायचंय का?"

"नाही, मी आपलं विचारलं." बाई पुन्हा टाइप करू लागल्या. "नुकसान किती झालं?"

"अजून काहीच नाही. होणार आहे."

"म्हणजे, तुम्हाला जेवू घालून त्यांनी तुमचं अजून काहीही नुकसान केलेलं नाही, अशी तुमची तक्रार."

असं मोठ्याने ऐकल्यावर व्हर्ननला ते जरा विचित्र वाटलं. पण मागे रांग होती आणि रांगेतला माणूस खोकत होता. त्याने सही केली. बाई म्हणाल्या, प्रकरण किरकोळ आहे, तुमच्याच वस्तीच्या अधिकाऱ्याकडे, पेसांतेस साहेबांकडे जाईल. ते दोघांना बोलावतील.

"दोघांना?"

"मग, फिर्यादी एकटाच भांडणार का?"

घरी आला तर लोइस लोकरीचा गुंडा मांडीवर घेऊन नुसती बसली होती. चेहरा उजळलेला. असा चेहरा व्हर्ननने डेटनमध्ये बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. तिथे मुलगा दूर गेल्यावर ती दिवसच्या दिवस खिडकीशी बसून समोरचा वाहनतळ बघे. इथे आल्या आल्या तिला न्यूमोनिया झाला. तेव्हा तार्हेलिया तिच्या उशाशी ठाण मांडून बसली, कसले कसले पाले उकळून पाजले, आणि बरी झाल्यावर तिला शेजारच्या बायकांत लोकर विणायला नेऊन बसवलं. तेव्हापासून लोइस मोठ्याने हसायला शिकली होती.

"व्हर्नन, तुला कळलं का आपल्याला काय मिळालंय?"

"काय?" व्हर्ननने विचारलं.

"मनोरा! अरे, इथे यजमानाने एकट्याने सण करायचाच नसतो. तो जवळच्या माणसांकडे परात घेऊन जातो. खाल्लं की झालं, तू त्याच्या सणात सामील. कोणी बँड देतं, कोणी डुकराचं मांस, कोणी फुलं. पुढे तुझ्या घरी काही निघालं की तार्हेलिया आपल्याला तसंच देणार. पिढ्यान्पिढ्या चालतं म्हणे हे. आणि मनोरा, बरं का, मनोरा फक्त नात्यातल्यांकडे मागतात. बटाटेवाला तिचा सख्खा मावसभाऊ आहे! तिची जाऊ रुसलीय, आम्हाला सोडून गोऱ्यांना मनोरा का दिला म्हणून."

"रुसलीय?"

"रुसू दे. तार्हेलिया म्हणाली, लुइसिता माझी बहीण आहे. व्हर्नन, तुला बरं नाही का? बस बरं."

व्हर्नन बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कोणीतरी नातेवाईक म्हणून घेतलं होतं, आणि त्याने पोच म्हणून फौजदारी ठोकली होती.

त्याने लोइसला काही सांगितलं नाही. त्याने गुपचूप अबेलार्दोला गाठून "सात मजली" एवढं सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी दाढी करून, कोट घालून तो पुन्हा त्या खिडकीपाशी उभा राहिला.

"फिर्याद मागे घ्यायचीय."

"का? कुई परत दिले?"

"गैरसमज झाला होता."

"हरकत नाही. आरोपीची संमती आणा."

"आरोपीची? ते कशाला?"

"हो तर. तुम्ही एखाद्या बाईला लबाड ठरवणार आणि मग म्हणणार, जाऊ द्या. उद्या तिने म्हटलं, माझी बदनामी झाली, मला निकालच हवा, तर? तिने येऊन सांगायचं की मागे घ्यायला माझी ना नाही."

"पण तिला फिर्याद झाल्याचं माहीतच नाही!"

"मग कळेल की," बाई मायेने म्हणाल्या.

व्हर्नन बाहेर पडून पायरीवर बसला. तार्हेलियाकडे जायचं आणि म्हणायचं काय? "शेजारीणबाई, मी तुम्हाला चोर म्हटलंय, ते मला परत घ्यायचंय, तर जरा चलता का?"

"साहेब, इंग्रजी बोलता ना? काही अडचण?"

तो एक तिशी-पस्तिशीचा देखणा माणूस होता. बूट असे चकचकीत की व्हर्ननला त्यात आपला पडलेला चेहरा दिसला. नाव म्हणाला फ्रेडी. किती दिवसांनी व्हर्ननला कोणी इतक्या स्वच्छ इंग्रजीत "अडचण" विचारत होतं! त्याने सगळं ओतलं.

फ्रेडीने मान हलवली. "साहेब, परदेशी माणसाने इथे फार जपून राहावं. रस्त्यात कोणी चटणी सांडली तर थांबू नये."

"मी थांबत नाही!"

"घराचं भाडं आगाऊ देऊ नये. फोनवर 'आजोबा, मी अडकलोय' म्हणणाऱ्या नातवाला पैसे पाठवू नयेत."

"मला नातूच नाही," व्हर्नन म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका सावध, इतका आपल्या विचारांचा माणूस त्याला या देशात भेटलाच नव्हता. बर्निसबाईसुद्धा एवढ्या नेमक्या बोलत नसत.

फ्रेडी म्हणाला, आत माझा माणूस आहे. आरोपीला न कळवता फाइल बंद होईल. खर्च थोडा आहे. व्हर्ननने पाकीट काढलं. आता हे लिहिताना सुद्धा संकोच वाटतो, पण घडलं ते घडलं: ज्यांनी परातभर जेवू घातलं त्यांच्यावर याने फिर्याद केली, आणि ज्याने घोटभर पाणीही विचारलं नाही त्याच्या हातात नोटा ठेवल्या. वर "आपले फार उपकार झाले" म्हणाला.

फ्रेडी आत गेला आणि कागद घेऊन आला. कागदावर जांभळा शिक्का होता. शिक्क्यात झाडं, डोंगर, आणि एक रुबाबदार पक्षी. व्हर्नन दोन दिवस पोटभर जेवला.

तिसऱ्या दिवशी पेसांतेस साहेबांचा शिपाई सायकल टेकवून दारात उभा. सणानंतरच्या सोमवारी हजर राहावं. फिर्यादी व्हर्नन स्लोकम, आरोपी तार्हेलिया.

"हे प्रकरण बंद झालंय!" व्हर्ननने आतून शिक्क्याचा कागद आणून फडकवला.

शिपायाने कागद उलटसुलट केला. "डॉन बेर्नोन, हा कोंबड्यांच्या प्रदर्शनाचा शिक्का आहे. माझ्या भावजयीच्या कोंबड्याला मिळाला होता असाच. दुसरा नंबर."

फ्रेडीचा फोन लागला नाही. तो पुढेही कधी लागला नाही.

"कसलं प्रकरण?" लोइसने मागून विचारलं.

तेव्हा व्हर्ननला सगळं सांगावंच लागलं. चुलीवर दूध उतू गेलं ते लोइसने जाऊ दिलं.

"तिला बोलावणं गेलं का?" शेवटी तिने शिपायाला विचारलं.

"आत्ता तिकडेच निघालोय."

"थांब जरा. आधी हा जाईल," लोइस म्हणाली. आणि व्हर्ननला म्हणाली, "टोपी घाल. नाही, नको घालू. ऊठ."

तार्हेलियाचं स्वयंपाकघर सणाच्या तयारीने भरून गेलं होतं. तिच्या आत्या, मावश्या, आणि ती रुसलेली जाऊ, सगळ्या गोल बसून कोंबड्यांची पिसं उपटत होत्या. व्हर्नन उंबऱ्यात उभा राहिला. त्याने येताना वाटेत चांगली चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकच बाहेर आलं.

"मी तुमच्यावर फिर्याद केलीय."

पिसं उपटणारे हात थांबले.

"कसली?" एका म्हाताऱ्या आत्याने विचारलं.

"फसवणुकीची."

"कोणाची?"

"माझी."

"का रे बाबा? मीठ कमी पडलं होतं का?"

"बघ! मी म्हटलं नव्हतं?" जाऊ म्हणाली. "घे आता, दे गोऱ्यांना मनोरा!"

व्हर्ननने सांगायचा प्रयत्न केला. कॉफी, बर्निसबाई, गिझर, केळी. गिझर इथे कुठून आला ते बायकांना कळेना, आणि खरं तर त्यालाही कळेना. तार्हेलिया उठली. तिने हात धुतले, एकेक बोट चोळून धुतले. परकराला पुसले. तिने ओरडावं, हातातली कोंबडी फेकून मारावी, असं व्हर्ननला मनापासून वाटलं. ती तसं काही करीना.

"मनोरा येतोय का?" तिने विचारलं.

"येतोय. सात मजली."

"मग रविवारी या. बाकीचं सोमवारी कचेरीत."

एवढंच. व्हर्नन घरी आला आणि त्याने कपाटावरची मोठी बॅग खाली काढली.

"सोमवारी ती संमती देईल, आणि मंगळवारी आपण निघू," तो म्हणाला. "कुठल्या तोंडाने राहायचं इथे?"

"ज्या तोंडाने खाल्लंस त्याच," लोइस म्हणाली. "माझं तोंड इथे ठीक आहे."

"रस्त्यावरून जाताना लोक बघतील."

"डेटनमध्ये कोणी बघत नव्हतं, व्हर्नन. शेजारी कोण राहतं ते मला अकरा वर्षांत कळलं नाही." तिने आपलं विणकाम बॅगेत ठेवलं, बाहेर काढलं, पुन्हा ठेवलं, आणि शेवटी बॅगेशेजारी जमिनीवर ठेवून स्वयंपाकघरात निघून गेली. व्हर्नन त्या लोकरीच्या गुंड्याकडे बघत राहिला. आजवर त्याने जेवढी जळालेली गोदामं पाहिली होती, त्यातल्या एकाही आगीचा धूर इतका त्याच्या घशात गेला नव्हता.

रविवारी सण झाला. व्हर्नन गर्दीत लपून राहायचं म्हणून गेला. पण साडेसहा फुटांच्या माणसाने त्या वस्तीत लपायचं म्हणजे उंटाने शेळ्यांत लपायचं. प्रत्येकजण त्याला वाट करून देई. "मनोरेवाले, पुढे व्हा, पुढे!" कोणी हातात दालचिनी घातलेली गरम दारू देई. प्रत्येक पेला हातात घेताना व्हर्ननच्या मनात येई, याचं काय द्यावं लागेल? आणि मग तो स्वतःलाच शिवी घालून पिऊन टाके.

मंगळवारची मंडळीही आली होती. बर्निसबाई पर्स छातीशी कवटाळून त्याच्या कानाशी लागल्या.

"किती उकळले तुझ्याकडून?"

"कोणी?"

"या लोकांनी."

"या लोकांनी नाही," व्हर्नन म्हणाला. "चकचकीत बुटांच्या एका माणसाने. स्वच्छ इंग्रजी बोलायचा."

"स्वच्छ इंग्रजी?" बर्निसबाईंना ते पटेना. "मग तो तसला नसेल."

मनोऱ्याला बत्ती लागली. पहिला मजला सुसाट फिरू लागला, मग दुसरा, ठिणग्यांची झालर खाली उतरली, पोरं त्यात नाचू लागली. चौथ्या मजल्यावर गडबड झाली; एक चक्र सुटलं आणि फुरफुरत डेलसाहेबांच्या डोक्यावरून जाऊन बँडच्या ढोलात शिरलं. ढोलवाल्याने वाजवणं थांबवलं नाही. सातव्या मजल्यावर पांढरा शुभ्र कबुतरासारखा प्रकाश पेटला आणि अख्ख्या वस्तीने "आऽऽ" केलं. व्हर्ननने मान वर केलीच नाही. तो पटांगणापलीकडे बघत होता. यजमानांच्या जागी, नवी शाल घेतलेली तार्हेलिया उभी होती. तिचा चेहरा लख्ख उजळला होता. तिने वर पाहिलं, सेगुंदोकडे पाहिलं, लोक टाळ्या वाजवत होते त्यांच्याकडे पाहिलं. व्हर्ननकडे मात्र तिने पाहिलं नाही.

सोमवारी पेसांतेस साहेबांच्या कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. सणानंतर कोणाला काही काम नसतं. एका बाकावर फिर्यादी, समोरच्या बाकावर आरोपी, आणि दारात, खिडकीत, कुंपणावर बाकीची वस्ती.

पेसांतेस साहेबांनी फिर्याद वाचली. दोन कुई, एक कोंबडी, मका, बटाटे. "एक तंगडी" आली तेव्हा खिडकीतून कोणीतरी फिसकन हसलं.

"एक अडचण आहे," साहेब चष्मा काढत म्हणाले. "परात माझ्याकडेही आली होती. मी बँड दिला. म्हणजे या प्रकरणात मी साक्षीदार की मीही फसलेला, ते मला ठरवता येत नाही. कायद्याने मी यात बसूच नये."

"मग दुसरा अधिकारी बोलवा," कुंपणावरून आवाज आला.

"कुठून? पलीकडच्या वस्तीचा बोलावला तर त्याने फुलं दिलीत." साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. "डॉन बेर्नोन, बोला."

व्हर्नन उभा राहिला. "मला फिर्याद मागे घ्यायचीय. चूक माझी आहे, सगळी माझीच. डोन्या तार्हेलियांनी संमती द्यावी, एवढीच विनंती. त्यांना पुन्हा आमचं तोंड बघावं लागणार नाही. आम्ही उद्या परत चाललो."

"कुठे?" तार्हेलियाने विचारलं. स्वयंपाकघरातल्या त्या दिवसानंतर ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलली.

"डेटनला. आमच्या गावी."

"लुइसिता पण?"

व्हर्ननने मान खाली घातली. कचेरीत जरा कुजबुज झाली. लोइस जमिनीकडे बघत होती.

तार्हेलिया साहेबांकडे वळली. "साहेब, मी संमती दिली तर काय होईल?"

"प्रकरण मिटलं. ज्याने त्याने आपल्या वाटेने जावं."

"आणि नाही दिली तर?"

"तर प्रकरण चालू राहील. फिर्यादीला प्रत्येक तारखेला इथे हजर राहावं लागेल."

"स्वतः?"

"स्वतःच. फिर्याद ठोकून फिर्यादी गावी निघून गेला, असं नाही चालत."

"मग मी संमती देत नाही," तार्हेलिया म्हणाली.

"अगं बये!" आत्याने कपाळावर हात मारला.

"का म्हणून देऊ? याने मला लबाड म्हटलंय. बसून सिद्ध करू दे. मला घाई नाही."

पेसांतेस साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं, आणि खाकरून गंभीरपणे म्हणाले, "आरोपीचा तो हक्कच आहे. पुढची तारीख कधीची घेऊ?"

"या महिन्यात नको, पुतणीचं लग्न आहे. मग मका काढायचाय."

"मग मका झाल्यावर?"

"मका झाल्यावर बटाटे असतात, साहेब."

"बटाटे झाल्यावर नाताळ येतो," सेगुंदो पहिल्यांदाच काहीतरी बोलला.

साहेबांनी कॅलेंडरची पानं उलटायला सुरुवात केली. एक पान, आणखी एक, पुढचं. मग ते फिर्यादीच्या बाकाकडे वळले. "फिर्यादी पक्षाची काही हरकत?"

व्हर्ननने शेजारी पाहिलं. शेजारची जागा रिकामी होती. लोइस केव्हाच उठून समोर जाऊन आरोपीच्या बाकावर बसली होती, आणि तार्हेलिया सरकून तिला जागा करून देत होती.

"नाही," व्हर्नन म्हणाला. ते कुंपणापर्यंत ऐकू गेलं नाही, म्हणून त्याला ते पुन्हा सांगावं लागलं. "हरकत काही नाही, साहेब. फक्त तारीख तेवढी जरा लांबची द्या."